चाळण्याचा हक्क

"वाचलं नाही हो, नुसतं चाळलं," असं सांगताना माणसाचा आवाज खाली येतो. पुस्तक चाळणं म्हणजे कामचुकारपणा, असा आपला समज आहे. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर मी याच्या नेमक्या उलट मताची झाले आहे. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांना दहाबारा पुस्तकं उलटीसुलटी करायला मिळाली, ती पुढे वाचत राहिली. ज्यांच्या हातात फक्त नेमलेलं पुस्तक पडलं, त्यांनी परीक्षा दिली आणि पुस्तक मिटलं. म्हणून हा लेख चाळण्याच्या बाजूने आहे आणि त्यातली मागणी साधी आहे: सार्वजनिक वाचनालयांतली कपाटं उघडी करा, आणि सुरुवात अभिजात साहित्य, चरित्रं आणि धर्मविचार या तीन विभागांपासून करा.

मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. आम्ही नाशिकला पंचवटीत राहायचो. आजी चातुर्मासात भक्तिविजय लावायची. दुपारची जेवणं आटोपली की ओसरीवर पाटावर पोथी आणि भोवती आळीतल्या चारपाच बायका. महिपतीबुवांनी १७६२ साली रचलेला हा सत्तावन्न अध्यायांचा ग्रंथ. त्यात नामदेव येतात, कबीर येतात, गोरोबा, जनाबाई, नरसी मेहता येतात. आजीला ही सगळी माणसं शेजारच्या वाड्यात राहत असल्यासारखी माहीत होती. एकदा मी विचारलं, "आजी, ही माणसं खरंच अशी होती का गं?" ती म्हणाली, "वाचनालयात जा की. तिथे मोठी मोठी पुस्तकं असतात. काय लिहिलंय ते मलाही सांग."

मी गेले. जाळीचा काउंटर, पलीकडे काचेची कपाटं, प्रत्येक कपाटाला कुलूप. "संतांवरचं काहीतरी हवंय," मी म्हटलं. काउंटरवरचे काका म्हणाले, "असं काहीतरी नसतं बाळ. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, दाखल क्रमांक. चिठ्ठीवर लिहून दे." तालिकेचे खण होते, पण त्यांतली कार्डं नावाप्रमाणे अकारविल्हे लावलेली, आणि नाव तर मला ठाऊकच नव्हतं. मागे रांग वाढत होती. मी एका गाजलेल्या कादंबरीचं नाव लिहिलं आणि ती घेऊन घरी आले. आजीला काय सांगितलं ते आता आठवत नाही.

त्या काकांवर माझा राग नाही. संध्याकाळच्या दोन तासांत किती माणसं त्यांच्यासमोर उभी राहायची, ते मी पुढे अनेकदा पाहिलं. त्या वाचनालयाचं नावही घेत नाही, कारण तेव्हा बहुतेक ठिकाणी तीच रीत होती आणि आजही पुष्कळ ठिकाणी आहे. माझं भांडण त्या रीतीशी आहे. जे नाव मला माहीत नाही ते मी मागू शकत नाही, आणि जे मागितलं नाही ते मला कुणी दाखवणार नाही, या कोंडीत मी पाचसहा वर्षं काढली. लीळाचरित्र गोष्टींच्या पुस्तकासारखं रमून वाचता येतं हे मला एम. ए.ला कळलं, तेही ते अभ्यासक्रमात होतं म्हणून.

आता या तीनच विभागांवर माझा भर का, ते सांगते.

साहित्य, चरित्र आणि धार्मिक अशा तीन पाट्या आपण कपाटांवर लावतो. मराठी वाङ्मयाच्या मुळाशी गेलं तर या पाट्या टिकत नाहीत. लीळाचरित्रच घ्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या. मराठी गद्यातला हा पहिला मोठा ग्रंथ, म्हणून साहित्य. एका माणसाच्या चालण्याबोलण्याची, खाण्यापिण्याची, हसण्यारागावण्याची बारीक नोंद, म्हणून चरित्र. महानुभाव पंथाचा आधारग्रंथ, म्हणून धर्म. तो कोणत्या कपाटात ठेवायचा? ज्ञानदेवांची जीवनकथा अभंगांत सांगितली ती नामदेवांनी. त्यांच्या समाधीचे अभंग वाचताना आपण चरित्र वाचतो आहोत की भजन म्हणतो आहोत हे कळेनासं होतं. तुकोबांची शिष्या बहिणाबाई आपल्या आयुष्याची हकीकत अभंगांतच सांगते: नवऱ्याचा मार, तिच्यामागे फिरणारं वासरू, स्वप्नात आलेले तुकोबा. सतराव्या शतकातली एक बाई स्वतःबद्दल इतकं मोकळेपणाने बोलते आहे, आणि आपण ते पुस्तक 'संतवाङ्मय' अशी पाटी लावून वरच्या फळीवर ठेवतो, जिथे फक्त शिडी लावून पोचता येतं.

आपल्या अंगणातलं उदाहरण तर याहून बोलकं आहे. गोदाकाठच्या जलालपूरला १८६८ साली लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला. सोवळ्याओवळ्याने पछाडलेल्या वडिलांच्या घरातली ही मुलगी. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा कोसळली, पुढे त्याच्याजवळ राहायला गेली तरी काही काळ आपलं सोवळं वेगळं सांभाळत राहिली, आणि शेवटी स्वतःच्या विचाराने तिने बाप्तिस्मा घेतला. या सगळ्याची कहाणी असलेलं स्मृतिचित्रे मी वाचनालयांत तीन वेगवेगळ्या ठिकाणी पाहिलं आहे. एकदा आत्मचरित्रांत, एकदा 'लेखिका' अशा निराळ्या फळीवर, आणि एकदा ख्रिस्ती धर्माच्या पुस्तकांत. तिसऱ्या ठिकाणच्या प्रतीमागच्या तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. मराठीतल्या सर्वांत जिवंत गद्याची ती प्रत कोरी पडून होती, कारण त्या कपाटापाशी जाऊन ती मागावी असं कुणाच्या मनात येणार?

ग्रंथपालांची अडचण मला समजते. एक पुस्तक एकाच जागी ठेवावं लागतं. मेल्विल ड्यूईची दशांश पद्धत १८७६ पासून जगभर चालते. तिच्यात २०० चा गट धर्माचा, ८०० चा साहित्याचा, ९२० वर चरित्रं. धर्माच्या गटातला मोठा भाग एकट्या ख्रिस्ती धर्माने व्यापलेला आणि बाकी सगळ्या धर्मांची दाटी २९० मध्ये. मराठी साहित्य पार तिकडे ८९१.४६ वर. म्हणजे ज्ञानेश्वरीवरचं तात्त्विक विवेचन एका भिंतीला, तिच्या काव्यावरचं पुस्तक दुसऱ्या भिंतीला आणि ज्ञानदेवांचं चरित्र तिसऱ्या भिंतीला. हे आकडे आपल्याला बदलता येणार नाहीत. वाचकाचे पाय मोकळे करता येतील. तो या भिंतीकडून त्या भिंतीकडे स्वतः चालत गेला की आकड्यांनी तोडलेलं पुन्हा सांधलं जातं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या शाळेत शनिवारी शेवटचे दोन तास मी ग्रंथालयाची कपाटं सताड उघडी ठेवायचे. नववीतला एक मुलगा श्यामची आई घेऊन उभा होता. ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं गेलं, हे वाचून तो धावत आला, "बाई, म्हणजे आपल्या नाशिकमध्ये?" मग त्याने साने गुरुजींचं चरित्र काढलं. त्यात त्याला धुळ्याचा तुरुंग भेटला: १९३२ साली विनोबा तिथे दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी ते उतरवून घ्यायचे. पुढच्या शनिवारी त्याच्या हातात गीता प्रवचने होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी त्याने विचारलं, "तुरुंगात गीतेवर अजून कुणी लिहिलंय का?" मी बोट दाखवलं. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी लिहिलेलं आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेलं गीतारहस्य त्याने दोन्ही हातांनी उचललं, खाली बसून दहाएक पानं चाळली आणि परत जागेवर ठेवलं.

ते परत ठेवणं मला फार मोलाचं वाटतं. चिठ्ठी लिहून, रांगेत उभं राहून, कुणाला तरी कपाट उघडायला लावून मिळवलेलं पुस्तक असं परत ठेवता येत नाही. ते घरी न्यावंच लागतं, आठ दिवस टेबलावर राहतं, आणि न वाचल्याचं ओझं घेऊन परत जातं. असं दोनतीनदा झालं की माणूस ठरवून टाकतो, हे आपल्यासाठी नाही. उघड्या कपाटासमोर मात्र 'आज नाही' म्हणायची सोय असते. तो मुलगा पुढे केव्हा तरी गीतारहस्याकडे परतला की नाही, मला माहीत नाही. ते कुठे आहे आणि केवढं आहे हे त्याला माहीत झालं, एवढं मी सांगू शकते.

कादंबरीला चाळण्याची तितकीशी गरज नसते. तिचं नाव तोंडोतोंडी पसरतं, तिच्यावर नाटक निघतं, मालिका निघते. पाककृतींच्या किंवा स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकाचं नाव दुकानदारच सांगतो. अभिजात ग्रंथाचं उलट असतं. त्याचं नाव सगळ्यांना माहीत, पण त्या नावाचाच धाक. ज्ञानेश्वरी म्हटलं की नऊ हजार ओव्या डोळ्यांसमोर येतात आणि माणूस हात जोडून मोकळा होतो. मी मुलांना सांगायचे, पहिल्या ओवीपासून सुरू करू नका, बाराव्या अध्यायावर उघडा, तो लहान आहे. कुठेही बोट ठेवा आणि त्या ओळीतली उपमा शोधा. चार ओव्यांत एक तरी दिवा, नदी, लेकरू किंवा गाय सापडते. ही ओळख घरी एकट्याने, मोठा ग्रंथ विकत आणून होत नाही. ती उभ्या उभ्या, अर्ध्या तासात, बिनखर्चाने व्हावी लागते. चरित्राचंही तसंच. चरित्र मागायला आधी ते माणूस माहीत असावं लागतं. निफाडला १८४२ साली जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांचं नाव आपल्याकडे रस्त्याला आणि शाळेला असतं. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत नवऱ्याकडून लपूनछपून नव्हे तर घरच्या बायकांचा रोष पत्करून शिकणारी एक मुलगी आहे, हे पुस्तक हाती पडल्याशिवाय कळत नाही.

धर्मविचाराबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण नाशिक हे तीर्थक्षेत्र आहे आणि इथे धर्माची पुस्तकं भरपूर खपतात. रामकुंडाच्या परिसरात स्तोत्रं, आरत्या, गुरुचरित्र मिळतं. येवल्याला मुक्तिभूमीवर गर्दीच्या दिवशी बाबासाहेबांची आणि बुद्धधम्माची पुस्तकं लोक पिशव्या भरून नेतात. चर्चच्या आवारात बायबल मिळतं, दर्ग्याजवळ इस्लामवरची पुस्तकं मिळतात. विकणारा मनापासून विकतो, घेणारा मनापासून घेतो. पण जो जिथे जातो तिथे त्याला त्याच्याच घरचं पुस्तक दिसतं. शेजारच्याचं पुस्तक सहज नजरेला पडेल, उचलून दोन पानं वाचता येतील आणि कुणी 'तुम्हाला हे कशाला हवं' असं विचारणार नाही, अशी जागा शहरात एकच असू शकते. ती म्हणजे सार्वजनिक वाचनालय. तिथे गुरुचरित्राच्या जवळच कुराणाचं मराठी भाषांतर, त्याच्या शेजारी बुद्धचरित्र, जैन कथा, आणि पलीकडे देव न मानणाऱ्याचे निबंध असतात. पण ही सगळी पुस्तकं एकाच कुलपाच्या आत असतील तर त्यांचं शेजारीपण वाचकाला कळणार कसं?

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या मेहनतीवर तो पुढे काही वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. या दोन तारखांच्या मधला विचार समजून घ्यायचा तर देवळाच्या बाजूने काय म्हटलं जात होतं तेही वाचावं लागतं, बाबासाहेबांचं चरित्रही वाचावं लागतं, आणि १९५७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर आलेला बुद्धावरचा त्यांचा ग्रंथही. ही तीन पुस्तकं तीन वेगळ्या दुकानांतून घेणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. एका उघड्या फळीपाशी उभं राहून तिन्ही चाळणारी मुलं मी पाहिली आहेत.

काही वडीलधाऱ्यांचा आक्षेप वेगळा असतो. पोथी चाळायची नसते, ती सोवळ्याने लावायची असते. माझ्या आजीचंही तेच मत होतं आणि तिच्या पोथीला मी पारोशा हाताने कधी शिवले नाही. घरच्या पोथीचा मान घरी राहावा. पण याच परंपरेत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती समोर ठेवल्या, पाठ ताडून पाहिले आणि शुद्ध प्रत तयार केली. प्रती उघडून, पानं उलटून, ही ओवी इथे अशी आणि तिथे तशी का, असं विचारूनच ते काम झालं असणार. त्यात अनादर होता असं कुणी म्हणणार नाही.

आता खरा आक्षेप, जो प्रत्येक कार्यकारिणीच्या बैठकीत येतो: पुस्तकं चोरीला जातील. जातील, काही जातील. माझ्या शनिवारांतही गेली आणि कोणती गेली ते मला पाठ आहे. स्मृतिचित्रेच्या दोन प्रती त्यांत होत्या. पण बंद कपाटांतली पुस्तकं सुरक्षित असतात हा भ्रम आहे. त्यांना कसर लागते, वाळवी लागते, पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही कारण ती कुणी उघडतच नाही. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पहिलं सूत्र पुस्तकं उपयोगासाठी आहेत असं सांगतं, तिसरं प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे असं. त्यासाठी त्यांनी मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक निवडण्याचा, आग्रह धरला. पुस्तकाने वाचक शोधायचा तर त्याला वाचकाच्या नजरेसमोर उभं राहू द्यायला हवं. हे लिहिलं जाऊन नव्वदहून जास्त वर्षं झाली. आज बारकोड आहेत, दाराशी पुस्तक ओळखणारी यंत्रं आहेत, आणि ती परवडत नसतील तर पिशव्या बाहेर ठेवायची जुनी पद्धत आहे. हस्तलिखितं, दुर्मिळ पहिल्या आवृत्त्या, झिजलेल्या पोथ्या कुलपातच राहाव्यात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पुस्तकं चुकीच्या जागी ठेवली जातात म्हणता? प्रत्येक रांगेच्या टोकाला एक टेबल ठेवा आणि वाचकांना सांगा की पाहून झालेलं पुस्तक फळीवर ठेवू नका, इथे ठेवा. संध्याकाळी ते टेबल पाहिलं की त्या दिवशी लोकांना कशाची उत्सुकता वाटली हेही कळतं. देवघेवीच्या वहीत ही नोंद कधीच सापडत नाही.

पैशांचा आक्षेप मात्र मी सहज उडवून लावणार नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यानुसार वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. १९४८ च्या मद्रासच्या कायद्याने ग्रंथालय कर बसवला होता. आपल्या कायद्यात तो नाही. त्यामुळे वाचनालयं अनुदान आणि वर्गणीवर तग धरतात आणि तिथे काम करणाऱ्यांच्या हाती पडणारी रक्कम सांगायला लाज वाटावी अशी असते. एकटा माणूस देवघेवही बघतो, झाडूही मारतो, वर्तमानपत्रंही लावतो. त्याला 'कपाटं उघड' सांगणं सोपं आहे. म्हणून कपाटं उघडण्याबरोबर त्याच्या पगाराचंही बोलावं लागेल. घरपट्टीबरोबर थोडा ग्रंथालय कर द्यायची वेळ आली तर मी तरी आनंदाने देईन, आणि नाशिककरांत माझ्यासारखे पुष्कळ निघतील असा माझा विश्वास आहे. हे १८४० साली सार्वजनिक वाचनालय स्थापन झालेलं शहर आहे. पुण्यात मुलींची शाळा निघायच्या आठ वर्षं आधी इथे वाचनालय होतं.

तरुण मंडळी म्हणतात, आता कपाट कशाला, सगळं मोबाइलवर आहे. त्यात तथ्य आहे. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, मराठी विश्वकोश तिथे आहे. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या मुलीला नाशिकला न येता एखादा ग्रंथ मिळतो, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचं मी मनापासून स्वागत करते. पण मोबाइलवरची शोधाची चौकट उघडा. ती काय विचारते? नाव सांगा पुस्तकाचं. माझ्या अकरावीतला जाळीचा काउंटर तिथे पुन्हा उभा आहे. आणि एक पुस्तक पाहिलं की ती त्याच्यासारखीच आणखी दहा दाखवते. स्तोत्र पाहणाऱ्याला स्तोत्रं, धम्म पाहणाऱ्याला धम्म. शेजारची फळी तिथे नसते. दुकानांतही आता पुस्तकं प्लास्टिकच्या वेष्टनात येतात. ते फाडलं तर विकत घ्यावं लागतं. म्हणजे विकत घेण्याआधी आत डोकावण्याची जी मुभा आमच्या पिढीला फुटपाथवरही होती, तीही आक्रसत चालली आहे.

मी काही नवीन मागते आहे असंही नाही. मालेगावजवळच्या कौळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याला गेले आणि त्यांनी १९१० पासून राज्यभर मोफत वाचनालयांचं जाळं उभं केलं, गावोगाव ग्रंथपेट्या फिरवल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या या माणसाचा कित्ता नाशिकने पुढे गिरवला. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना नाशिकमध्येच सुरू झाली. पुस्तकांची पेटी एखाद्या सोसायटीत, कारखान्यात, महिला मंडळात जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. या योजनेचं यश लोक घरपोच सेवेत पाहतात. मला ते पेटीच्या उघड्या झाकणात दिसतं. झाकण काढलं की सगळी पुस्तकं एकदम समोर येतात आणि बायका हातात घेऊन बघतात, परत ठेवतात, दुसरं उचलतात. ओझरच्या वाटेवर दहाव्या मैलाला एका आजींनी आपल्या हॉटेलात पुस्तकं मांडली आहेत. मिसळ येईपर्यंत माणूस हात लांब करून एखादं उचलतो. सरकारने २०१७ साली भिलारला पुस्तकांचं गाव केलं, तिथेही घराघरांत पुस्तकं मोकळी ठेवली. हॉटेलात आणि घराच्या ओसरीवर जो विश्वास वाचकावर टाकता येतो, तो वाचनालयात का टाकता येऊ नये?

सगळ्यांत जास्त तळमळ मला अभ्यासिकांबद्दल वाटते. आज कोणत्याही वाचनालयात सर्वांत भरलेली जागा तीच असते. स्पर्धापरीक्षांची मुलं सकाळी सातला येतात, डबा आणतात, रात्री जातात. काही जण याला वाचनालयांचं अधःपतन म्हणतात. मी म्हणणार नाही. घरात एक खोली, तिच्यात पाच माणसं आणि टीव्ही, अशा मुलांना बसायला शांत खुर्ची मिळते, हे पुण्याचं काम आहे. पण ही मुलं दिवसाचे बारा तास ज्या भिंतीला पाठ लावून बसतात, तिथेच बंद कपाटांत तुकोबांची गाथा असते, फुले असतात, बाबासाहेब असतात, गोखले असतात. ती त्यांच्याबद्दल एका ओळीचं उत्तर पाठ करतात: जन्म कधी, संस्था कोणती, वृत्तपत्र कोणतं. मान वर केली की त्या माणसाचं सगळं आयुष्य दोन हातांवर आहे, आणि मध्ये काच आहे. माझं म्हणणं एवढंच की अभ्यासिकेतलं एक कपाट उघडं ठेवा. नोंद नको, चिठ्ठी नको, घरी न्यायची घाई नको. मान अवघडली म्हणून मूल उठेल, पाय मोकळे करेल आणि एखादं पुस्तक काढेल.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण ढोल वाजवले, आणि ते योग्यच होतं. त्या दर्जासाठी मांडलेल्या पुराव्यांत गाथासप्तशती होती. तिच्यातल्या प्रेमिकांच्या भेटी आपल्या गोदावरीच्या काठावर होतात. पांडवलेण्यांतले सातवाहनांचे प्राकृत शिलालेख तर शहरातून दिसणाऱ्या डोंगरावर आहेत. या अभिजातपणासाठी जो काही निधी येईल, त्यातला काही भाग उघड्या फळ्यांवर खर्च व्हावा. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते, पूल, घाट होत आहेत. लाखो माणसं धर्माच्या ओढीने इथे येतील. त्यांच्यासाठी सावलीत एक मंडप, बाकं, पिण्याचं पाणी आणि सर्व धर्मांची, सर्व संतांची पुस्तकं मोकळी मांडलेली, एवढं करायला फार पैसा लागणार नाही.

गेल्या वर्षी गंगापूर रोडच्या आमच्या वसाहतीतल्या छोट्या अभ्यासिकेत आम्ही काही निवृत्तांनी अशी एक फळी लावली. घरोघरची जुनी पुस्तकं, तीनही विभागांची मुद्दाम मिसळून. दार नाही, वही नाही. पहिला महिनाभर कुणी हात लावला नाही. मग एक दिवस रमाबाई रानड्यांच्या आठवणींच्या पुस्तकात मला सिटीलिंक बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं दिसलं, रानड्यांच्या नाशिकच्या बदलीच्या दिवसांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी ते वीसेक पानं पुढे सरकलं होतं. कोण वाचतंय ते मी विचारलं नाही. पुस्तक जागेवरच असतं, आणि तिकीट हलतं आहे.